गोठा बांधण्यास परवानगी मिळणेबाबत

डिसेंबर लागल्या लागल्या मी, भगवान शेलार, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एक अर्ज दिला. विषय : दुसऱ्या मजल्यावरील जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत गोठा बांधण्यास परवानगी मिळणेबाबत. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ या एका ओळीत आहे. शांतीच्या मते मूळ माझ्या स्वभावात आहे. शांती ही माझी बायको. हे नाव तिच्या आईवडिलांनी मोठ्या आशेने ठेवलं असावं.

नेरूळला जिथे माणसाला स्कूटर लावायला जागा मिळत नाही तिथे गोठा कशाला, असं कुणीही विचारील. सेक्रेटरींनीही विचारलं. त्याचं कारण आमच्या समोरच्या दारात होतं. आमच्या मजल्यावर दोनच फ्लॅट. एक आमचा आणि एक रेमंड अंकलचा. दोन्ही दारांच्या मध्ये जी जागा आहे तिथे दर नाताळात अंकलच्या पत्नी इरीन आंटी जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर गोठा मांडायच्या. मरियम, योसेफ, मेंढ्या, तीन राजे आणि मधोमध पेंढ्यावर निजलेला बाळ येशू. दारावर कागदी चांदणी. आणि नाताळच्या सकाळी आमच्या घरी त्यांची ती मोठी चिनी मातीची प्लेट यायची. कडेने निळी वेल, वर क्रोशाचा रुमाल, आत केक, शंखासारखे वळून तळलेले गोड कलकल आणि नेवऱ्या.

या प्लेटचा एक कायदा होता. ती नाताळला भरून आमच्याकडे यायची आणि दिवाळीपर्यंत आमच्याकडेच राहायची. दिवाळीला चकल्या-लाडू भरून त्यांच्याकडे जायची आणि नाताळपर्यंत तिथे राहायची. रिकामी प्लेट कधीच कुणाचा उंबरा ओलांडत नसे. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण माझ्या अख्ख्या सरकारी नोकरीत एवढा काटेकोर पाळलेला नियम मी पाहिला नाही.

मे महिन्यात इरीन आंटी गेल्या.

अंकल पोर्टमधून रिटायर झालेला गडगडाटी माणूस. आमच्याकडे कॅरम खेळायला बसले की खालच्या मजल्यावर क्वीन कोणी घेतली ते कळायचं. आंटी गेल्यावर त्या घरातून आवाजच यायचा थांबला. शांती माहेरची उरणची, त्यामुळे कुठल्याही दुःखावर मासळी हा तिचा पहिला उपाय. दिवाळे गावाहून येणाऱ्या कोळीण मावशीकडून ताजे बोंबील घ्यायची, तळायची आणि डबा अंकलकडे द्यायची. डबा परत यायचा. धुतलेला, पुसलेला आणि रिकामा. तो रिकामा डबा हातात घेऊन शांती पहिल्यांदा रडली. आंटी असत्या तर त्यात चार मिरच्या तरी टाकून आल्या असत्या.

दिवाळीत आम्ही नेमाप्रमाणे प्लेट भरून नेली. अंकलनी ती घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भगवान, यावर्षी ख्रिसमस नाय हां. फर्स्ट इयर हाय. नो स्टार, नो क्रिब, गोठा-बिठा काय नाय. आणि जानेवारीत मी चाललो बंगलोरला, लव्हिनाकडे. फ्लॅट विकून टाकतो."

लव्हिना त्यांची मुलगी. पोरगी गुणी आहे, बापाला बोलावतेय त्यात तिचं काही चुकत नव्हतं. पण दिवाळीनंतर एजंट गिऱ्हाइकं घेऊन जिने चढायला लागला. मी दार किलकिलं करून प्रत्येक गिऱ्हाइकाला पाहायचो आणि प्रत्येक जण मला गुन्हेगार दिसायचा. एकाला तर मी पाण्याचा प्रेशर कमी असतो असं आपण होऊन सांगितलं.

शेवटी मी शांतीला म्हणालो, "आपल्याकडे काय करतात? वर्षाच्या आत त्या घरात सण होत नाही. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गोडधोड नेऊन द्यायचं असतं. त्या घराचा सण आपण करायचा असतो. मग त्यांचा नाताळ आपण करायचा."

"आपन?" शांती म्हणाली. "तुमी?"

हा 'तुमी' मला लागला. त्याच रागात मी अर्ज लिहायला बसलो.

खरं तर इरीन आंटींनी कधी परवानगी मागितली नव्हती. त्या दरवर्षी टेबल बाहेर आणायच्या आणि सेक्रेटरींच्या घरी केक पाठवायच्या. पण मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहे. लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागेत टेबल ठेवणं माझ्या हातून होणं नाही. न विचारता जी गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती, ती मी विचारल्याबरोबर अडकली.

आमचे सेक्रेटरी पंढरीनाथ कडू. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "शेलार, सोसायटीत जनावरं पाळायला मनाई आहे."

"साहेब, येशूचा जन्म गोठ्यात झाला होता. त्याचा देखावा."

"ते मला ठाऊक आहे. सोसायटीच्या रेकॉर्डला ठाऊक नाही. उद्या ऑडिटर फाइल उघडेल, त्याला दिसेल काय? दुसरा मजला, गोठा, मंजूर. मी जाऊ का मग दूध घालायला?"

मी म्हणालो, विषय बदलतो. ते म्हणाले, एकदा इनवर्ड झालेल्या अर्जाचा विषय बदलत नाही. हे मला मान्य करावं लागलं, कारण हेच मी रोज लोकांना सांगतो. मग त्यांनी खरी पाचर मारली. मजल्यावरची मोकळी जागा वापरायची तर त्या मजल्यावरच्या इतर सभासदांचं ना हरकत पत्र लागतं. आमच्या मजल्यावर इतर सभासद एकच. ज्यांना न सांगता हे सगळं करायचं होतं ते.

मी तोंड पाडून खाली आलो तर बाकावर सितारामकाका बसलेले. सितारामकाका म्हणजे आमच्या सोसायटीतले किल्लेदार. दर दिवाळीत मुलांच्या नावाखाली ते स्वतः किल्ला बांधतात आणि मुलांना हात लावू देत नाहीत. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "अरे, किल्ल्याला परवानगी आहे की! मी कमिटीत असताना ठराव करून घेतलाय. कुठल्याही मजल्यावर, जिन्यात, किल्ला बांधायला हरकत नाही. ना हरकत पत्र लागत नाही."

"पण मला किल्ला नको आहे, काका. गोठा हवाय."

"किल्ल्यात गोठा नसतो का? रायगडावर काय गाई-म्हशी नव्हत्या?"

"आणि डिसेंबरात किल्ला?"

"दिवाळीत राहून गेलेला. ठरावात महिना लिहिलेला नाही."

कडूंनी ठराव शोधून काढला, नाइलाजाने मान हलवली आणि एक अट घातली. ठरावात किल्ला म्हटलंय, तर बांधकाम किल्लाच दिसलं पाहिजे. किमान एक बुरूज आणि एक दरवाजा. ते स्वतः पाहणी करतील. बेथलेहेमचा गोठा तटबंदीत गेला तो असा. यात माझा अपराध नाही, हे मी पुढे अनेकांना सांगितलं, पण पटलं कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी ताबा घेतला. विटा, गोणपाट, कुंड्यांतली माती. त्यावर मोहरी पेरली, म्हणजे नाताळपर्यंत हिरवंगार. मी मध्ये मध्ये म्हणायचो की काका, तो वाळवंटाचा प्रदेश आहे. ते म्हणायचे, "मग तर पाणी साठवायला टाकं पाहिजे," आणि टाकं खणायचे. चोरदरवाजा मी मोठ्या मुश्किलीने रद्द करून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राताई रोज जिन्यात थांबून सल्ला द्यायच्या. त्यांच्याकडे ओव्हन असल्यामुळे त्यांचं ऐकून घ्यावं लागे. त्यांचं म्हणणं, सगळं थीमवर हवं, सोनेरी आणि पांढरं. मातीच्या किल्ल्यात सोनेरी-पांढरं कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

अंकलना कळू नये म्हणून सगळ्यावर जुनी चादर टाकली होती. विचारलंच तर भिंतीला ओल आलीय, प्लास्टर काढलंय, असं सांगायचं ठरलं होतं. मी ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं. अंकल दुधाची पिशवी घेऊन दोनतीनदा चादरीजवळून गेले आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. पूर्वी माझ्या दारात नवी चप्पल दिसली तरी किंमत विचारणारा माणूस. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग पेंढा. नेरूळला तीन प्रकारचा पास्ता मिळतो, पेंढा मिळत नाही. शांतीने भावाला फोन लावला. माझा मेव्हणा हितेश द्रोणागिरीला एका गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे आणि घरची थोडी भातशेती अजून राखून आहे. तो म्हणाला, "दाजी, टेन्शन नको. पेंढा हाय ना आपल्याकडं. धाडतो उद्या."

"मूठभर पुरे, हितेश. टेबलावर पसरायला."

"हां हां, मूठभर."

मेव्हण्याचा हात किती मोठा असतो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी वाशीच्या बाजारात मूर्तींचा सेट शोधायला गेलो होतो. तिथे सँटाक्लॉज पाहिजे तेवढे होते. गिटार वाजवणारा, कंबर हलवणारा, बॅटरीवर हिंदी गाणं म्हणणारा. पण ज्याचा वाढदिवस त्याची विचारणा केली की दुकानदार वर बघायचे. अखेर एकाने माळ्यावरून खोका काढून दिला. तो खोका छातीशी धरून मी रिक्षातून उतरलो, तर सोसायटीच्या गेटवर टेंपो उभा. काठोकाठ पेंढ्याने भरलेला. ड्रायव्हर वॉचमनशी भांडत होता. वॉचमन म्हणत होता, मटेरियल आत न्यायला गेटपास लागतो. ड्रायव्हर म्हणत होता, "ये मटेरियल नाय, पेंढा हाय. हितेशशेठनं सांगितलंय दाजीच्या हातात देयाचा."

दाजीच्या दोन्ही हातांत मिळून एक जुडी मावली असती. मी गेटपाससाठी कडूंना फोन लावणार, तेवढ्यात ड्रायव्हर कंटाळला आणि त्याने अर्धा टेंपो फुटपाथवर रिकामा केला. आमच्या सेक्टरमध्ये काही मोकाट गाई आहेत. एरवी त्या भाजीवाल्यांच्या आशेवर असतात. पेंढ्याचा वास त्यांना कुठून लागला कोण जाणे, पण बघता बघता गेटपुढे गुरांचा बाजार भरला. एका तांबड्या गाईने माझ्या बाजूने मुसंडी मारली, मी सरकलो, खोका हातातून सुटला आणि अख्खं पवित्र कुटुंब पेंढ्यात सांडलं.

याच वेळी कडू बाजारातून परत आले. त्यांनी गाई पाहिल्या, पेंढा पाहिला, गुडघे टेकून पेंढ्यात चाचपडणारा मला पाहिला. "शेलार," ते शांतपणे म्हणाले, "तुमचा गोठ्याचा अर्ज मी फाइललाच ठेवलाय. बरं झालं."

त्यांनी फर्मान काढलं की तासाभरात पेंढा कॉमन जागेतून हलला पाहिजे. ड्रायव्हर परत न्यायला तयार नव्हता, भरून नेला तर शेठ काय म्हणेल. मग माझ्या हक्काची जागा एकच उरली. माझं पार्किंग आणि त्यातली गाडी. डिकी भरली, मागची सीट भरली, पुढच्या सीटवरही थोडा सांडला, काच वर करताना हात भरून पेंढा बाहेर यायचा. उरलेला गाईंनी संपवला.

मूर्ती वेचल्या तेव्हा कळलं की एक राजा फुटलाय. आणि बाळ नाही.

बाळ बोटाएवढं होतं. आम्ही फुटपाथ चाळला, गटाराची झाकणं पाहिली. गाडीतला पेंढा उपसून पाहायचा तर तो ठेवायला परत कॉमन जागाच लागणार होती. शांती खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, ती तांबडी सगल्यात पुढं होती. तिनं तर नाय..." पुढचं तिच्याने बोलवेना. मी सबंध संध्याकाळ त्या तांबड्या गाईच्या मागे सेक्टरभर फिरलो. ती मजेत रवंथ करत होती. दोन्ही धर्मांचं पाप एकाच वेळी माझ्या डोक्यावर बसलंय असं मला वाटत होतं.

त्या बाजारात दुसरा सेट नव्हता. सुटं बाळ कुणीच विकत नाही. सितारामकाका म्हणाले, आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेऊन जा, बाळ ते बाळ. क्षिप्राताई भाचीची बाहुली घेऊन आल्या, ती पोट दाबलं की 'ममा' म्हणायची आणि मरियमच्या दुप्पट होती. शांतीने दोघांना हात जोडले. "नको. आंटीच्या जागी खोटं काय ठेवायचं नाय. पाळणा रिकामा ठेवू." फुटलेल्या राजाच्या जागी मात्र काकांनी आपला एक मावळा उभा केला. त्याला विरोध करायचं माझ्यात त्राण नव्हतं.

कलकलचीही तीच गत. दरवर्षी आम्ही आंटींच्या टेबलाभोवती बसून काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या वळायचो. आंटी पीठ भिजवायच्या आणि आम्हाला वाटायचं, आपल्याला कलकल येतात. आता पीठ भिजवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की आपल्याला फक्त वळता येतात. शांतीने शंकरपाळ्याच्या अंदाजाने पीठ भिजवलं. दिसायला कलकल सुरेख झाले. मी एक तोंडात टाकला आणि दाढेला हात लावून बसलो. क्षिप्राताईंच्या ओव्हनमधला केक मधून खचला होता, तो शांतीने साखर भुरभुरून सपाट केला. कलकल डब्यात भरून चोवीस तारखेला दुपारी तिने अंकलच्या दारात ठेवले, बेल वाजवली आणि पळत घरात आली. पन्नाशीची बाई.

संध्याकाळी आम्ही चादर काढली. कडूंनी पाहणी केली, बुरूज मोजला, दरवाजा उघडून बंद करून पाहिला आणि जिन्यातच उभे राहिले. काका होते, क्षिप्राताई होत्या. मोहरी वीतभर वाढली होती, मेंढ्यांची नुसती डोकी दिसत होती. सगळं जय्यत झालं आणि बेल वाजवायची माझी हिंमत होईना. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की ज्याने स्पष्ट नको म्हटलं त्या माणसाच्या दारात आपण हा तमाशा मांडलाय. त्याचं दुःख आणि आपला हा बुरूज. मी शांतीला म्हणालो, "काढूया का सगळं? दहा मिनिटांत होईल." तिचाही चेहरा उतरला होता. ती हो म्हणणार, तोच समोरचं दार उघडलं.

अंकल कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले आणि थबकले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वाकले.

"हा कोण?" मावळ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"तिसरा राजा," मी म्हणालो.

"ढाल-तलवार घेऊन?"

"लांबून आलेत ना. वाटेत दरोडेखोर असतात."

"आणि हा वर काय?"

"बुरूज," सितारामकाका म्हणाले.

"बेथलेहेममध्ये?"

"संरक्षण नको? हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलेला!" काकांनी माहिती काढली होती.

मग अंकलची नजर पेंढ्याच्या मधल्या खळग्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"पाळणा रिकामा ठेवलास," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "लोकं पयल्या दिवशीच बेबी ठेवून देतात रे. इरीन कदी नाय ठेवायची. चर्चमध्ये मासला जाऊन आल्याशिवाय नाय. तोपर्यंत तो जन्मला नाय ना. तुला लक्षात होता, भगवान?"

त्या क्षणी खरं बोलायचं मला काही कारण दिसलं नाही. मी मान ताठ केली. "म्हणजे काय अंकल, नियम तो नियम. इतकी वर्षं बघतोय."

"काय खोटं बोलता हो!" शांती रडत रडत ओरडली. "अंकल, हरवलाय तो! ह्यांनी पेंढ्यात पाडला. मला वाटतं गाईनं खाल्ला!"

कडूंनी खाली मान घातली. अंकल एकदा शांतीकडे, एकदा माझ्याकडे, एकदा मावळ्याकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मग त्यांच्या घशातून तो जुना, कॅरमच्या वेळचा गडगडाट बाहेर पडला. भिंतीला हात टेकून ते हसत होते. "गाईनं खाल्ला! ओ गॉड! इरीन, बघ हे काय केलाय!" हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते त्यांनाही कळेना. शांतीने त्यांचा हात धरला. आम्हीही सगळे डोळे पुसत होतो, सेक्रेटरींसकट.

जरा वेळाने अंकल घरात गेले आणि हातरुमालात काहीतरी घेऊन आले. आंटींचा बाळ येशू. एका पायाचा रंग उडालेला. त्यांनी तो गोठ्यापर्यंत नेला आणि हात मागे घेतला.

"नाय. मासच्या आधी नाय. ती मला मारून टाकेल." ते माझ्याकडे वळले. "भगवान, मी यावर्षी मासला जाणार नव्हतो. एकटा जाऊन काय करू? तुझी गाडी हाय काय खाली?"

गाडी होती. गाडीत काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे. अंकल सूट घालून आले, तो बहुधा लव्हिनाच्या लग्नातला. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, शांती मागे पेंढ्यात अर्धी बुडाली. पाम बीच रोडवरून जाताना मागच्या खिडकीतून पेंढा उडत होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. हल्ली मध्यरात्रीचा मास लवकर होतो, त्यामुळे घाई होती. चर्चच्या दारात उतरलो तेव्हा आमच्या तिघांच्या अंगावर एवढा पेंढा होता की एका म्हातारबाबांनी अंकलना विचारलं, "सीधा बेथलेहेम से आया क्या, रेमंड?" अंकलनी त्यांना मिठी मारली.

परतताना अंकल सीटवर सारखे चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, "मॅन, मी कशावर तरी बसलोय." त्यांनी खाली हात घातला आणि बोटाएवढं बाळ वर काढलं. धडधाकट. एक टवकाही उडाला नव्हता. शांतीने मागून एवढा मोठा सुस्कारा सोडला की काचेवर वाफ आली. सिग्नलला ती तांबडी गाय दुभाजकावर बसलेली दिसली. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. अंकलनी ते बाळ डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवलं. अजून तिथेच आहे.

घरी आल्यावर अंकलनी आंटींचा बाळ आपल्या हाताने पेंढ्यावर ठेवला. मावळ्याला मात्र त्यांनी हलवू दिलं नाही. म्हणाले, राहू दे, लांबून आलाय.

रात्री मला गाढ झोप लागली. पण सकाळी उठल्या उठल्या पुन्हा तीच पाल चुकचुकली. एक संध्याकाळ हसले म्हणून माणूस फ्लॅट विकायचा थांबत नाही. फ्लॅट विकणे आहे असा एजंटचा बोर्ड खाली गेटवर तसाच होता. शांती चहा गाळत होती, ती एकाएकी म्हणाली, "आज प्लेट नाय येणार ना." मी कप पुढे सरकवले.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात अंकल. दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट. हातात ती निळ्या वेलीची प्लेट, वर क्रोशाचा रुमाल. मी रुमाल उचलला. प्लेटभर कलकल होते. ओळखीचे. शांतीने काल दिलेलेच.

"मला कुकिंग येत नाय," अंकल म्हणाले. "बेकरी बंद. आणि प्लेट रिकामी नाय द्यायची असते. तुमचेच घातले. एक खाल्ला मी, शांती. अर्धा. बाकीचा अर्धा दातासकट गेला असता."

शांतीने प्लेट दोन्ही हातांनी घेतली. अंकल वळले आणि आपल्या दारापर्यंत जाऊन थांबले.

"प्लेट सांभाळून ठेवा हां. इरीनची हाय," ते म्हणाले. "दिवाळीला परत पायजे मला. चकली जास्त घाल, लाडू कमी."

दार लागलं. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

दिवाळीला. जानेवारीत बंगलोरला निघालेला माणूस. शांती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग मी चप्पल न घालताच खाली गेलो आणि गेटवरचा एजंटचा बोर्ड स्वतःच्या हाताने उतरवला. कुणाचीही लेखी परवानगी न घेता. परत आल्यावर आम्ही दोघांनी ते कलकल चहात बुडवून बुडवून खाल्ले. बऱ्याच वेळाने ते मऊ होतात.